माणिकपूरची ऑलिव्ह रिडले

मी आयुष्यात एक जीव वाचवला आहे. त्याआधी त्याला तीन वेळा समुद्रात धाडणारीही मीच होते, पण आमच्या घरात ते कोणी मोजत नाही.

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. बाबा चौथी शिकलेले, सातिवलीच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर. ओव्हरटाइम करकरून त्यांनी मला बी.एस्सी. केलं आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी माणिकपूरच्या एका पेंटरकडून दारावरची पाटी रंगवून आणली. विषय प्राणिशास्त्र. पण पेंटरने माझं नाव इतकं ऐसपैस काढलं, की शेवटी पाटीच संपली. म्हणून आमच्या दारावर लागलं : 'कु. सुनंदा परब, बी.एस्सी. (प्राणी)'.

झालं! चाळीत माझी प्रॅक्टिस सुरू झाली. कोणी लंगडी कोंबडी आणायचं, कोणी खोकणारी बकरी. मी गंभीरपणे नाडी बघायचे (कोंबडीची नाडी कुठे असते हे मला आजही माहीत नाही) आणि सांगायचे, "सरकारी दवाखान्यात न्या." पेशंट बरा व्हायचा आणि नाव माझं व्हायचं!

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी, शेजारचा रिक्षावाला डॉमनिक बादली घेऊन दारात उभा राहिला.

"सुनंदाताई, रस्त्यात चालत होतं. चाकाखाली आलं असतं आता."

बादलीत ताटाएवढं कासव! आणि रंग कसला? शेवाळी हिरवा! माझ्या अंगावर काटा आला. शेवाळी म्हणजे ऑलिव्ह! पुस्तकातलं आख्खं पान डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"बाबा, ही ऑलिव्ह रिडले आहे! समुद्री कासव! वाट चुकून इथवर आलीय!"

"समुद्र तिकडे कुठे राहिला, आणि ही इकडे?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. हात पुसत येऊन तिने बादलीत डोकावलं. "अगो, ह्याला तर मी रोज बघते. आपल्या मागच्या बावखलातलं हे. धुणं धुताना समोर नाक काढून बसतं. उन्हाने तळ्याचं पाणी आटलं की निघतं फिरायला."

"ते दुसरं असेल, आई."

"आणि ह्याच्या पाठीवर ते चौकोन चौकोन नाहीत गो. तू वहीत काढायचीस तसे."

"झिजले असतील! आई, हा माझा विषय आहे!"

ह्यावर आई गप्प बसली. (आमची आई गप्प बसली की समजावं, आपलं चुकलंय. पण हे समजायला पदवी पुरत नाही.)

समुद्रातला जीव गोड्या पाण्यात गुदमरेल म्हणून मी बादलीत अर्धा किलो खडेमीठ ओतलं. कासवाने लांबलचक मान बाहेर काढली आणि बादलीच्या कडेला धडका द्यायला सुरुवात केली.

"बाहेर यायला बघतंय," डॉमनिक म्हणाला.

"समुद्राची ओढ!" मी म्हणाले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठरलं, राजोडीच्या किनाऱ्यावर सोडायचं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. रिक्षा निघेपर्यंत त्यांनी चाळीतल्या बाराही बिऱ्हाडांना सांगून टाकलं, "सुनंदा समुद्रातलं कासव वाचवतेय!" आईने फक्त कासवाला हळदकुंकू लावलं. तिचा चेहरा प्रेतयात्रेला निरोप देणाऱ्या बाईसारखा होता.

राजोडीला ओहोटी होती. भल्या मोठ्या ओल्या वाळूवरून आमची वरात निघाली. सगळ्यांत पुढे बाबा, मागे बादली घेऊन मी, शेवटी डॉमनिक. सुट्टीला आलेली मंडळी मागोमाग जमली. बाबांनी सगळ्यांना दोन पावलं मागे सरकवलं आणि छोटंसं भाषण केलं. त्यात 'माझी मुलगी' पाच वेळा आलं आणि 'कासव' एकदा.

मी कासव पाण्याच्या कडेला ठेवलं. टाळ्या पडल्या. लाट आली. लाट गेली. कासव गर्रकन वळलं आणि तरातरा जमिनीकडे निघालं!

"लाजतंय," बाबांनी लोकांना समजावलं.

दुसऱ्या वेळी मी गुडघाभर पाण्यात जाऊन सोडलं. लाटेने मला आडवं केलं. मी तोंडातली वाळू थुंकत उठेपर्यंत कासव माझ्या आधी किनाऱ्याला लागलं होतं!

तिसऱ्या वेळी इस्त्रीच्या शर्टासकट बाबा कमरेपर्यंत आत शिरले. समुद्राने त्यांची एक चप्पल ठेवून घेतली आणि कासव परत केलं.

"ताई," डॉमनिक म्हणाला, "ते सरळ माझ्या रिक्षाकडे चाललंय. रिटर्न बसवू का?"

लोक हसले. आणि तेवढ्यात वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगेतून एक म्हातारी तरातरा आली. तिला तिथे सगळे पार्वतीबाय म्हणत. तिने कासव उचलून उलटं केलं, पोट बघितलं, पाय बघितले.

"कोनी आनला ह्याला?"

बाबा छाती काढून पुढे झाले. "माझी मुलगी बी.एस्सी. आहे. प्राणी."

"मंग तिला ही बोटा दिसली नाय?" पार्वतीबायने कासवाचा पाय माझ्या नाकासमोर धरला. "समिंदराच्या कासवाला वल्ही असतात, वल्ही! ह्याला नखा हायत, चिखल उकरायला. गोड्या पान्याचा जीव हाय ह्यो. खाऱ्या पान्यात मारशील ना त्याला, बाय!"

मी पाय बघितला. चार पाय, त्यांना पडद्याची बोटं, बोटांना नखं. आणि मला कॉलेजची वही आठवली. कासवाची आकृती मी वर्गात सगळ्यांत सुंदर काढायचे. पाठीचा एकूण एक खवला! त्यातच सगळा वेळ जायचा. पाय काढायच्या आत घंटा व्हायची. तीन वर्षं मी बिनपायांचं कासव काढून पास होत आले होते!

कासवाची मान आता लोंबत होती. डोळे मिटलेले. मघाचं तरातरा चालणं संपलं होतं. कोणीच हसत नव्हतं.

बाबा पार्वतीबायकडे वळतील असं मला वाटलं. ते माझ्याकडे वळले. एका पायात चप्पल, अंगाला चिकटलेला शर्ट. "सुनंदा, आता काय करायचं?"

त्या प्रश्नाने मला रडायलाही सवड दिली नाही. "गोडं पाणी! आधी मीठ धुवायचं. मग ओलं पोतं, सावली, आणि थेट बावखल!"

"आता बोल्लीस शानी!" पार्वतीबायने आपली पिण्याच्या पाण्याची आख्खी कळशी कासवावर रिकामी केली आणि बोंबलांचं एक पोतंही गोड्या पाण्यात भिजवून दिलं.

डॉमनिकने रिक्षा अशी पिटाळली की खड्डेच बाजूला झाले. कासव माझ्या मांडीवर, पोत्यात. बाबा दर मिनिटाला वाकून बघत होते. "हलतंय का? श्वास घेतंय का?" माणिकपूरच्या रिक्षास्टँडपाशी त्यांनी न राहवून त्याच्या नाकाजवळ बोट नेलं.

"चावलं!" बाबा ओरडले. "सुनंदा, चावलं! जिवंत आहे! चावलं!"

"आधी इंजेक्शन घ्या!" स्टँडवरचे लोक ओरडले.

"चावलं!" बाबा रिक्षाबाहेर बोट काढून आनंदाने नाचवत होते. "कडकडून चावलं!"

चाळीतली बाराही बिऱ्हाडं आमच्यामागे बावखलावर आली. मी कासव चिखलाच्या कडेला ठेवलं आणि हात जोडून उभी राहिले. त्याने मान काढली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि सुळकन पाण्यात दिसेनासं झालं. चार बुडबुडे आले. मग काहीच नाही. आणि धुण्याच्या दगडासमोर, अगदी रोजच्या जागी, चिमुकलं नाक वर आलं!

काय तो आरडाओरडा! डॉमनिकने शिट्टी मारली. बाबांनी चावलेलं बोट झेंड्यासारखं उंच धरलं. आई हळूच माझ्या कानात म्हणाली, "दुसरं असेल हो."

संध्याकाळी मी स्टूल घेऊन पाटी काढायला निघाले. बाबांनी स्टूल ओढून घेतलं. "राहू दे. डॉक्टर तरी कुठे पहिल्या औषधात बरं करतात?" पुढे हा किस्सा सांगता सांगता त्यांनी आधी मीठ गाळलं, मग तिन्ही लाटा गाळल्या. पार्वतीबाय मात्र मी गाळू दिली नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराची साडी तिलाच नेली.

आज मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. कासवाची आकृती आली की मुलांना पाय आधी काढायला लावते.

"बाई, पाय आधी का?" दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

"नंतर वेळ उरत नाही," मी सांगते, "आणि मग माझ्यासारखी बी.एस्सी. होते."