प्रेमिलाची भूक

पोंभुर्ण्याजवळच्या त्या गावात प्रेमिलाची भूक सगळ्यांना ठाऊक होती. तिचा नवरा इस्तारी तलावातून जाळं ओढून घरी येईस्तोवर हिचं एक जेवण झालेलं असायचं, आणि त्याच्यासोबत बसून ती पुन्हा जेवायची. खोटं कशाला सांगू, इस्तारीला ते आवडायचं. "माही बायको जेवते तं पाह्यतच राहावं वाट्टे," असं तो चारचौघांत सांगायचा. पण वजन एकशे चोवीसवर गेलं, शुगर वाढली, गुडघे असे गेले की बाई अंगणवाडीपर्यंत चालेना. शेवटी नागपुरात नोकरीला असलेल्या सूरजनं आपल्या मायला तिथल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट लहान करून आतड्याला जोडून दिलं.

ऑपरेशन झालं आणि भूक गेली. कमी नाही झाली, गेलीच! चार चमचे मऊ भात खाल्ला की बाई ताटली सरकवायची आणि म्हणायची, "झालं." पाच महिन्यांत अडतीस किलो उतरली.

इस्तारीला धास्ती बसली. त्याचा बाप असाच एक दिवस "झालं" म्हणाला होता आणि महिनाभरात गेला. आत्याचंही तेच. त्यात शेजारची आशाबाई रोज कुंपणावरून डोकावायची. "भाऊ, बाई तं पार सुकली जी. अन्न तुटलं म्हंजे काई खरं नाई." आता सांगा, अशा माणसाच्या घशाखाली घास उतरेल? तो तिच्या ताटलीकडे बघत बसायचा, आणि समोर त्याचा स्वतःचा भात गार व्हायचा.

दवाखान्याचा कागद सूरजनं भिंतीला चिकटवला होता. साखर बंद, गूळ बंद, मिठाई बंद. इस्तारीनं तो नीट वाचला होता. मोहफुलांचं कुणी काही लिहिलं नव्हतं. लहानपणी तो काविळीतून उठला तो मायनं पाजलेल्या मोहाच्या रसावर, हे सगळ्या घराला माहीत होतं. त्यानं वाळलेली मोहफुलं काढली, शिजवली, पिळून गाळली आणि काळा दाट रस आटवून बाटलीत भरला. संध्याकाळी प्रेमिला दवाखान्यानं दिलेली बिनसाखरेची चॉकलेटी पावडर दुधात घालून प्यायची. तो ग्लास इस्तारीच करून द्यायचा. पावडरीला वास होताच, गोडही लागायची ती. त्यात एक चमचा रस गेला तरी कुणाला कळणार?

पहिल्याच संध्याकाळी प्रेमिलाला घाम फुटला, छाती धडधडायला लागली. "अंगात जोरच नाई राह्यला," ती म्हणाली. इस्तारीनं दुसऱ्या दिवशी दोन चमचे घातले. मग तिचे हात कापायला लागले. त्यानं तीन केले. ती जितकी खचत होती, तितका हा भला माणूस चमचे वाढवत होता. बिचाऱ्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

नवव्या संध्याकाळी ती चुलीपाशी कोसळली. तोंड पांढरंफटक, कपाळ ओलं, हाक मारली तर नुसतं हुं. इस्तारीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर तिनंच सूरजला फोन लावायला लावला, आणि सूरजनं दवाखान्यातल्या मोनाली सिस्टरला जोडून घेतलं.

"काकू, गोड काही खाल्लं का?" फोनमधून सिस्टरचा आवाज आला.

"नाई वो. सूरजची शपथ, एक दाणा नाई साखरेचा."

"मग उद्याच घेऊन या. आत दुर्बीण घालून बघावं लागेल. जोड बिघडला असेल तर पुन्हा ऑपरेशन."

प्रेमिला रडायलाच लागली. "मी नाई वाचत आता," ती म्हणाली. इस्तारी मनाशी हिशेब करत होता. बोललो तर ही आयुष्यभर आपल्या हातचं पाणी घेणार नाही, आणि नाही बोललो तर उद्या हिचं पोट फाडतील.

"मी देल्लो," तो म्हणाला. "मोहाचा रस. रोज, दुधात. ताकद यावी म्हून."

फोनमधून सूरज ओरडला, "बाबा!"

"काका, मोहात साखरच असते," सिस्टर म्हणाली. "आता काकूंचं पोट गोड पेलत नाही. आधी छाती धडधडते, मग शुगर एकदम उतरते आणि माणूस पडतो. रस आजपासून बंद. उद्या तपासायला तरी आणाच."

फोन ठेवला. इस्तारी मान खाली घालून बसला. ती शिव्या देईल, तर देऊ दे.

"काऊन केलं असं?" प्रेमिलानं विचारलं.

"तुले भूक नाई लागत. मले भेव वाट्टे. तू मरून राह्यली असं वाट्टे."

प्रेमिलानं डोळे पुसले. "लहानपणापासून ते भूक माह्या मांगं लागली होती. जेवून उठली का पुन्हा तेच. तुमी तलावावर गेले का मी चोरून खाऊ, अन् रडू. आता पह्यल्यांदा डोक्यात शांत वाटून राह्यलं होतं. मी मरून नाई राह्यली जी. मी बरी होऊन राह्यली होती."

इस्तारी तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडला. बावीस वर्षं तो जिचं जेवण कौतुकानं बघत होता, ती समोर बसून सोसत होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते नागपूरला जाऊन आले. जोड शाबूत होता. संध्याकाळी इस्तारीनं तिला मऊ भात वाढला. तिनं चार चमचे खाल्ले, ताटली सरकवली आणि म्हणाली, "झालं."

त्याचा हात आणखी भात वाढायला पुढे झाला. मग त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले.