उताराखालचा चौक

पौडचा इस्माईल लॉरी चालवायचा. मुळशीकडचा तांदूळ नि कोळसा पुण्याला पोचवायचा. त्याचा महंमद लहानपणापासून गावाकडच्या रस्त्यांवर बापाशेजारी बसून गाडी शिकला. चौदाव्या वर्षी पोरानं भातखाचरांमधल्या अरुंद वाटेनं लॉरी उलटी काढली, तेव्हा इस्माईल आठवडाभर ते बाजारात सांगत होता.

एकोणसाठ सालच्या सुगीत इस्माईल तापानं फणफणला. पोती पेठेत पोचवायची होती. "मी नेतो, अब्बा," महंमद म्हणाला. सतरा वर्षांचं पोर, परवाना नाही. तरी इस्माईलनं गाडी दिली. शेजारच्या गोजराबाईचा जया सोबत म्हणून चढला.

भुकूमच्या पुढंही रस्ता रिकामाच होता. शहरातल्या उतारावर मात्र पुढं एक लॉरी रखडत चालली होती. "हाण की! मागं टाक त्याला," जया ओरडला. महंमदनं गाडी उतारावर सुसाट सोडली. खाली चौकात कारखाना नुकताच सुटलेला, रस्ताभर सायकली. भरली गाडी ब्रेकला दाद देईना. त्यानं चाक डावीकडं फिरवलं आणि लॉरी चिंचेवर आदळली. सायकलवाले वाचले. जयाची बाजू पार चेपली. तो जागीच गेला.

इस्माईल गोजराबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. ती म्हणाली, "तुजा वाचला. माजा गेला. येवढं सांग, लई हाल झालं का रं त्याचं?"

"न्हाई वैनी. त्याला कळलंसुदीक न्हाई."

"मग जा आता."

ताप उतरल्यावर इस्माईल पुण्याला गेला आणि दुपारपासून त्या चिंचेखाली बसून राहिला. कारखाना सुटला. हातही न दाखवता वळणाऱ्या सायकली, मधेच थांबणारे टांगे, कुणी हॉर्नला हटेना. मुळशीच्या रस्त्यावर हॉर्न दिला की बैलगाडी बाजूला व्हायची. पोराला तेवढंच ठाऊक. इस्माईल स्वतः उतार लागायच्या आधीच गाडी खालच्या गिअरात घ्यायचा. हात आपोआप जायचा. पोराला ते बोलून दाखवायचं राहूनच गेलं होतं. तो तिथंच तोंडावर पटका धरून रडला.

लॉरीच्या मालकानं त्याला कामावरून काढलं. पुढं कोळवणला एकाची जीप चालवायला मिळाली. गावची पोरं शिकवा म्हणून मागं लागायची. तो त्यांना आधी पुण्याच्या त्याच चौकात नेऊन उभं करायचा. "निस्तं बघा," म्हणायचा. पोरं कंटाळायची, हसायची. बहुतेक परत यायची नाहीत. ती दुसऱ्या कुणाकडं तरी शिकायची.

महंमदनं पुन्हा गाडीला हात लावला नाही. मामाच्या दुकानात सामान बांधून देताना गोजराबाई रस्त्यानं दिसली, की तो आत पोत्यांमागं जाऊन उभा राहायचा. तिलाही ते माहीत होतं. मीठ-तेल लागलं तरी ती त्या दुकानाची पायरी चढायची नाही, लांबच्या आळीतून आणायची.