ते बघ, आई आली

दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की आमच्या वालूरची अर्धी गल्ली कुलूपबंद होते. त्या साली बहीण आणि मेहुणे कारखान्यावर गेले आणि त्यांची सात वर्षांची लेक माझ्याकडं राहिली. तिच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली, श्वास त्या नळीतूनच. कफ साचला की मशीनची बारीक नळी आत घालून तो ओढून घ्यायचा, नाहीतर जीव घुसमटायचा. हे सगळं मी दवाखान्यात शिकून आले होते. लेकराला त्यासाठी राजी कसं करायचं, तेवढं मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

ती हनुवटी छातीला दाबून धरायची. मग मी आपल्याकडं सगळेच करतात तेच केलं. घास भरवताना लेकरांना काऊ दाखवतात ना, तसं म्हणाले, "ते बघ, आई आली." तिनं मान वर करून दाराकडं पाहिलं आणि मी नळी आत घातली. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं. आधी नळीच्या तोंडावर बोट ठेवून घोगरं का होईना, बोलायची. आता नुसती दाराकडं बघायची. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, कुणीतरी आत येत असावं तशी तिची नजर उंबऱ्यापासून माझ्या पाठीपर्यंत हळूहळू सरकायची. मी वळून बघायचं टाळत होते. खरं सांगते, मला भीती वाटायची.

एका दुपारी तिच्या गळ्यात कफ घरघरायला लागला. हनुवटी तशीच घट्ट, नजर माझ्या खांद्याच्या मागं. मी हातातली नळी बाजूला ठेवली.

"मी खोटं बोलले व्हते," म्हणाले. "आई आली नव्हती. नळीनं दुखंल बी. पर आता तुला खोटं सांगनार न्हाई."

तिनं गळ्यावर बोट ठेवलं. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला. "मग ती कोन हाय?"

'कुणी न्हाई' जिभेवर आलंच होतं. पण न बघता बोलले असते तर तेही खोटंच ठरलं असतं. वळले, उंबऱ्यापर्यंत गेले, दाराआड पाहिलं, गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. पाठीमागं तिची घरघर वाढत होती. परत येऊन म्हणाले, "बघून आले गं. कुणी न्हाई."

तिनं हनुवटी वर केली.