केस परभणीला आणली

आईनं गंगाखेडचं घर मृत्युपत्र करून अक्काच्या नावे ठेवलं. अक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आईजवळच राहिली, शेवटी आईचं हगणं-मुतणंही तिनंच काढलं. मी परभणीत मास्तरीण. सुट्टीत जायचे, दोन दिवस आईच्या उशाशी बसून अक्काला सूचना करायचे आणि परत यायचे. तरी मृत्युपत्र वाचल्यावर माझ्या पोटात दुखलंच. आईनं माझं साधं नावही घातलं नव्हतं. घर नको होतं मला, नाव हवं होतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. घरही हवं होतं.

मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का मिळावा म्हणून अक्कानं गंगाखेडला प्रोबेटची केस लावली. मी हरकत घेतली. माझ्या वकिलांना गंगाखेडला जायचा कंटाळा. ते म्हणाले, "मॅडम, केस परभणीला बदलून घेऊ. बाई या वयात किती तारखा करतील? आपणहून तडजोडीला येतील." अक्काचे गुडघे गेलेत, हे त्यांना मीच सांगितलं होतं.

बदली मागायची तर कारण लागतं. मला रक्तदाबाचा त्रास आहे आणि प्रवास अजिबात झेपत नाही, असं अर्जात लिहिलं. खाली सही माझी. रक्तदाब आहे मला. सकाळी गोळी घेतली की दिवसभर मी तो विसरते. त्याच महिन्यात एसटीनं लातूरला लग्नाला गेले होते, आणि पंगतीत जिलेबी मागून घेतली होती.

अक्काकडून विरोध होणार म्हणून वकील तयारीत होते. झालाच नाही. बदलीस हरकत नाही, एवढंच तिनं लिहून दिलं. केस परभणीला आली. वकिलांनी चहा मागवला, आणि मला वाटलं, अक्काला कोर्टातलं काय कळतंय.

पहिल्या तारखेला ती स्टेशनवरून रिक्षानं आली आणि कोर्टाच्या व्हरांड्यात सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. विरुद्ध बाजूची बाई अशी बाकावर येऊन टेकलेली बघून माझे वकील अवघडले आणि पान खायला निघून गेले. अक्कानं पिशवीतून डबा काढला.

"जेव आदी. पहाटं केल्या भाकरी, जरा कडक झाल्यात."

वांग्याची भाजी होती. पहिला घास घेतला तर पार अळणी. तिच्या हातचं मीठ कधी चुकलेलं मला आठवत नाही.

"मीठ घातलं न्हाई म्या," ती म्हणाली. "तुला बीपीनं प्रवास झेपत न्हाई, असं कागदावर हाय म्हणं. माझा वकील हरकत घेऊ म्हणायलता. म्या म्हणलं, नगं. लय बिघडल्याबिगर ती असं लिहून द्यायची न्हाई. मला कळवलं बी न्हाईस."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. खरं सांगायला तोंड उघडलं आणि त्यात घास कोंबला.

"एवढं वाटतंय तर केस मागं घे," मी उगीच चिडून म्हणाले.

"केस न्हाई सोडायची. घर मला आईनं दिलंय. ते कोर्ट बघंल. तू जेव."

मी जेवले. सगळी भाजी संपवली, कारण ती बघत होती.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आमच्या नावाचा पुकारा झाला. "दमानं ऊठ, चक्कर येईल," म्हणत अक्कानं माझा दंड धरला. जिन्याच्या प्रत्येक पायरीला तिच्या तोंडून हलकेच 'आई गं' निघत होतं. शेवटच्या वळणावर माझे वकील उभे होते, आमच्याकडेच बघत. मी अक्काच्या अंगावर आणखी थोडा भार टाकला.