डावं कपाट, उजवं कपाट

वर्तमानपत्राच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर जिना संपतो तिथे ताईंचा कात्रण विभाग होता. विभाग म्हणजे एक खोली, एक टेबल, खळीची वाटी आणि दोन लोखंडी कपाटं. रोजचे अंक चाळायचे, नामांकित माणसांविषयी आलेलं कापायचं, कागदावर चिकटवायचं, कोपऱ्यात तारखेचा शिक्का मारायचा आणि ज्याच्या त्याच्या पाकिटात घालायचं. चंद्रावर जाऊन आलेले वीर आणि तीन चित्रपटांनंतर विसरल्या गेलेल्या नट्या, सगळ्यांना पाकीट एकाच मापाचं. डाव्या कपाटात हयात माणसं, उजव्यात गेलेली. घरी सासूबाई म्हणायच्या, "साऱ्या जगाची खबर हिला, फक्त दूध उतू गेल्याची नाही!"

पाकीट डावीकडून उजवीकडे सरकवायचं ते ताईंनीच, आणि तेही घरच्या माणसाने सांगितल्याशिवाय नाही. हा नियम त्यांनी ठेच लागल्यावर केला होता.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी जिन्यात कुणीतरी म्हणालं, की तो मोठा गोलकीपर गेला. ज्याने अंतिम सामन्यात शेवटची पेनल्टी अडवली आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या शाळांना सुट्टी मिळाली, तोच. ताईंनी डोळे पुसत पाकीट उजवीकडे ठेवलं. तेव्हाच्या उपसंपादकांना ते तिथे दिसलं. ताईंनी ठेवलंय म्हणजे खरंच असणार, असं समजून त्यांनी मृत्युलेख छापून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच गृहस्थ तीन जिने चढून आले, ताईंसमोर बसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "पाहा, धाप लागलीय. मेलेल्या माणसाला लागते का?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं ताईंना झालं. पाकीट डाव्या कपाटातून उजव्यात कसं गेलं ते सांगताना डोळ्यांत पाणीच आलं.

"रडू नका हो. लेख झकास आहे. माझ्याबद्दल इतकं चांगलं बायकोने पहिल्यांदाच वाचलं. फक्त मला परत डावीकडे ठेवा म्हणजे झालं."

तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला त्यांचं पोस्टकार्ड येई. मजकूर एवढाच: "अजून डावीकडेच." सव्वीस वर्षांत सव्वीस कार्डं. ताई प्रत्येकावर शिक्का मारत आणि त्याच पाकिटात घालत.

सत्ताविसाव्या वर्षी तारीख उलटून दोन दिवस झाले, तरी कार्ड नव्हतं. ताईंचं कात्रीत लक्ष लागेना. एका मंत्र्याचं भाषण त्यांनी मधोमध कापलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नवा तरुण उपसंपादक हातात कागद फडकवत आला.

"ताई, गोलकीपर गेले. वृत्तसंस्थेची बातमी आहे. पाकीट काढा."

"घरून कळू दे."

"अहो, पाचला पान सोडायचंय! उद्या सगळ्यांकडे बातमी असेल आणि आपण बसलोय घरच्यांची वाट बघत."

"एकदा मारलंय मी त्यांना," ताई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा नाही मारणार."

पाकिटामागे लिहिलेला नंबर त्यांनी दहा वेळा फिरवला. दर वेळी एंगेज. उपसंपादक घड्याळाकडे आणि ताईंकडे आळीपाळीने बघत राहिला. तीन वाजता शिपायाने दुपारचं टपाल आणून टाकलं. वरच पोस्टकार्ड होतं.

"आलं की!" उपसंपादकाने सुस्कारा सोडला. "म्हणजे जिवंत आहेत. वाचलो बुवा, अब्रू जाता जाता राहिली!"

ताईंनी कार्ड उचललं होतं. सवयीने त्यांची नजर आधी टपालाच्या शिक्क्याकडे गेली होती. कार्ड चार दिवसांपूर्वी पेटीत पडलेलं होतं. अक्षर कापरं होतं आणि मजकूर नेहमीचा नव्हता.

"ताई, आता कुणी सांगितलं तर खुशाल उजवीकडे सरकवा. या वेळी तक्रार करायला जिने चढून येत नाही."

ताईंनी नंबर पुन्हा फिरवला. फोन लागला. पलीकडे गोलकीपरांची मुलगी होती.

"हो ताई, सकाळीच गेले. कार्ड मिळालं ना? टाकलंस का, टाकलंस का म्हणून डोकं खाल्लं त्यांनी माझं."

"मिळालं," ताई म्हणाल्या. "आत्ताच मिळालं."

उपसंपादक दारात घुटमळला. आवाज खाली आला होता. "मग... नेऊ पाकीट?"

"थांब जरा." ताईंनी शिक्का जवळ ओढला, आजची तारीख लावली आणि कार्डाच्या कोपऱ्यात नीट, सरळ उमटवली. "एक घालायचं राहिलंय."