कुलूप प्रमोदचं, किल्ली सुधाकरकडे

लॅपटॉपचा पडदा निळा होता. वर इंग्रजीत चार-पाच ओळी आणि खाली एक रिकामी चौकट. चौकटीत रिकव्हरी की टाका, एवढंच मशीन म्हणत होतं.

"ताई, मी काहीच नाही केलो," टेबलापलीकडे बसलेला प्रमोद म्हणाला. "काल मस्त चालला. आज सकाळी सुरू केला तं हे असं. मी तं रॅम टाकाले येऊन राहिलो होतो तुमच्याकडे."

ते खरं होतं. रॅमचं आमचं आधीच ठरलं होतं.

प्रमोदचा अड्याळला फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो अशी त्याची कामं. माझं भंडाऱ्यात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी मी बरीच वर्षं नागपूरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या मागे बघतं, भाऊ कुठे आहेत म्हणून. भाऊ नाहीत, मीच आहे, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागतो. प्रमोदला ते पहिल्या भेटीतच कळलं होतं, म्हणून तो माझं पक्कं गिऱ्हाईक झाला.

लॅपटॉप नवीन होता. दिवाळीच्या आधी नागपूरहून घेतलेला, हाय रिझोल्यूशन पडद्याचा. म्हणजे काय ते सांगते. पडदा ही बारीक ठिपक्यांची जाळी असते. तेवढ्याच जागेत चौपट ठिपके बसवले की फोटो इतका स्वच्छ दिसतो की साडीची वीण मोजता यावी. पण जुन्या सॉफ्टवेअरमधली अक्षरं आणि बटणंसुद्धा ठिपक्यांवरच मोजलेली असतात. ठिपका लहान झाला की तीही लहान होतात. प्रमोदचं अल्बम बनवायचं सॉफ्टवेअर जुनं होतं. त्यातली बटणं मुंगीएवढी दिसायची. बिचारा एका हातात भिंग आणि एका हातात माऊस घेऊन अल्बम लावायचा. त्यात फोटो जड, त्यामुळे लॅपटॉप सारखा अडकायचा. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. इथे ओटा चहापुरता होता आणि स्वयंपाक लग्नाचा.

पण आज ओट्याचा प्रश्नच नव्हता. आज घराचं दारच बंद होतं.

मी त्याला समजावलं. लॅपटॉपने रात्री स्वतःहून बायोस अपडेट केला होता. बायोस म्हणजे मशीन जागं होताना सगळ्यात आधी चालणारं छोटं सॉफ्टवेअर. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्कला आधीपासून कुलूप असतं. बायोस बदलला की कधीकधी त्या कुलपाला वाटतं, कुणीतरी परका माणूस मशीन उघडायला बघतोय. मग ते किल्ली मागतं. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा.

"बिघाड नाही हा," मी म्हणाले. "कुलूप आपलं काम करतंय."

"मंग खोला ना ताई."

"किल्लीशिवाय नाही खुलत. मी काय, कुणीच खोलू शकत नाही. फॉरमॅट केला तर लॅपटॉप सुरू होईल, पण आतलं सगळं जाईल."

प्रमोदने खुर्ची पुढे ओढली. मग त्याने सांगितलं ते असं.

गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातल्या एका गावात त्याने नुकतेच एका लग्नाचे फोटो काढले होते. मुलीचं नाव पल्लवी. तिचे वडील देवाजी लग्नात सगळ्यांच्या पुढे नाचले आणि आठवडा व्हायच्या आत छातीत कळ येऊन गेले. तेराव्या दिवसाची तेरवी दोन दिवसांवर आली होती. गाव धरणाखाली गेलं तेव्हा सामान हलवताना घरातले जुने फोटो भिजून खराब झाले होते. देवाजींचा आता एकच फोटो घरात होता, आधार कार्डावरचा. त्या फोटोत कोण ओळखू येतं ते आपल्याला माहीतच आहे.

"पोरगी काल फोनवर रडून राहिली होती," प्रमोद म्हणाला. "म्हणे भाऊ, बाबाचा हसतानाचा एक फोटो द्या, फ्रेम कराचा आहे. मी म्हटलं, आहे बाई माझ्यापाशी, भल्ले आहेत. उद्या देतो. अन् आता हे."

"कॅमेऱ्याच्या कार्डात?"

"त्याच्यावर दोन लग्नं भरली ना नंतर."

"दुसरी कॉपी?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्यायची होती, सीझन संपल्यावर.

रागावण्यात अर्थ नव्हता. मी सरळ मुद्द्याचं विचारलं. असं कुलूप लागतं तेव्हा किल्लीची एक प्रत बहुतेक वेळा त्या ईमेल अकाउंटला जाऊन बसते, ज्या अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला.

"प्रमोदभाऊ, पहिल्या दिवशी ईमेल कुणाचा टाकला होता?"

तो वर पंख्याकडे बघू लागला.

"सुधाकरचा," शेवटी म्हणाला.

सुधाकर म्हणजे त्याचा पार्टनर. स्टुडिओ दोघांनी मिळून काढला होता. लॅपटॉप घ्यायला नागपूरला दोघं मिळून गेले होते. प्रमोदला ईमेलचं काही जमत नाही, म्हणून सुधाकरने स्वतःच्या अकाउंटवर सुरू करून दिला. दिवाळीनंतर एका लग्नाच्या बुकिंगवरून दोघांचं बिनसलं. कोण काय बोललं ते मी विचारलं नाही. सुधाकरने त्याच रस्त्यावर, जरा पुढे, स्वतःचा स्टुडिओ टाकला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"फोन करा त्यांना," मी म्हणाले.

"मी नाही करत."

"मग मी करते. नंबर द्या."

"तो नाही देणार ताई. अन् काहून देईल? मी त्याले सगळ्या बाजारासमोर नाही नाही ते बोललो."

मी हात पुढे करून बसले. त्याने नंबर दिला.

सुधाकरने लगेच उचलला. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं. लॅपटॉपचं सांगितलं. प्रमोदचं नाव काढल्यावर पलीकडे शांतता झाली. मला वाटलं, फोन ठेवला.

"हॅलो?"

"आयकून राहिलो," तो म्हणाला. "कोणाचे फोटो हायेत म्हणता?"

मी देवाजींचं नाव सांगितलं.

"अरे बाप्पा. त्यायचा लहान भाऊ माझ्या वर्गात होता."  मग म्हणाला, "काय करा लागते?"

मी सांगितलं की अकाउंट उघडून किल्लीचा आकडा फोनवर वाचून दाखवला तरी चालेल, इथवर यायची गरज नाही.

"एवढा मोठा आकडा फोनवर? एक चुकला तं? मी येतो. गाडी काढतो."

अड्याळहून भंडारा काही फार लांब नाही, पण जवळही नाही. तो हातातलं काम टाकून आला. दुकानाच्या दारात हेल्मेट काढलं तेव्हा भुवयांवर धूळ बसली होती. प्रमोद उठून उभा राहिला. सुधाकरने त्याच्याकडे न बघता मला नमस्कार केला आणि दुसऱ्या टोकाच्या स्टुलावर बसला.

त्यानंतर थोडा वेळ दोघं माझ्यामार्फत बोलत होते. म्हणजे एक टेबलाच्या या बाजूला, एक त्या बाजूला, आणि सुधाकर मला म्हणतो, "ताई, त्याले विचारा, पासवर्ड बदलला होता का त्यानं?" प्रमोद मला म्हणतो, "त्याले सांगा, मी हातही नाही लावलो पासवर्डले."

दुकानातल्या कॉम्प्युटरवर सुधाकरने टाकलेला त्याच्या अकाउंटचा पासवर्ड बरोबर निघाला. पण साइट म्हणाली, मोबाइलवर कोड पाठवलाय, तो टाका. आणि कोड गेला सुधाकरच्या जुन्या नंबरवर. तो नंबर आता त्याच्या आईच्या बटणाच्या फोनमध्ये होता.

सुधाकरने आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"माय, तुया फोनवर मेसेज आला पाय. त्यातले आकडे वाच."

"कायचे आकडे? बँकेचे असतीन तं नाही सांगत मी. सांगू नका म्हणते ना ते."

"अवं माय, मी सुधाकर बोलून राहिलो."

"तुयासारखा आवाजही काढतेत म्हणे ते लोक."

मला हसू आलं, पण बाई बरोबर होती. सगळ्या गिऱ्हाइकांनी एवढं लक्षात ठेवलं तर कितीतरी घरं वाचतील. शेवटी प्रमोदच पुढे वाकला.

"काकी, मी प्रमोद. मी बी इथंच हावो. वाचा तुम्ही."

 "प्रमोद? तू अन् सुधाकर एका जागी?" मग म्हणाली, "थांबा, चष्मा लावू द्या."

चष्मा सापडेपर्यंत पहिल्या कोडची मुदत संपली. दुसरा मागवला. तो तिने एकेक आकडा सावकाश, शाळेतल्यासारखा वाचला, आणि अकाउंट उघडलं.

तिथे दोन किल्ल्या होत्या. एक सुधाकरच्या स्वतःच्या लॅपटॉपची, एक याची. कोणती कोणाची हे निळ्या पडद्यावरच्या खुणेच्या अक्षरांवरून जुळवायचं असतं. मी जुळवलं आणि मुद्दाम लॅपटॉप प्रमोदकडे सरकवला. सुधाकरने वाचायचं, प्रमोदने टाकायचं. मला आता मध्ये राहायचं नव्हतं.

"चार. शून्य. सहा."

"सात टाकलो."

"सात नाही बे, सहा."

"मंग तोंडातला खर्रा थुंक ना पयले. काही समजून नाही राहिलं."

सुधाकर खरंच उठला, बाहेर जाऊन तो तंबाखू-सुपारीचा तोबरा थुंकून आला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. या वेळी प्रमोदच्या शेजारी बसून.

निळा पडदा गेला. स्टुडिओचं नाव लिहिलेला नेहमीचा पडदा आला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रमोदने फक्त दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

मी सगळ्यात आधी दुकानातली ड्राइव्ह लावून लग्नाचं फोल्डर उतरवून घेतलं. या कामात एक नियम आहे. दार उघडलं की आधी माल बाहेर काढायचा, दाराची दुरुस्ती नंतर. कॉपी नीट उघडते का, तेही पाहिलं. मग कुलूप तात्पुरतं थांबवलं, नाहीतर लॅपटॉप खोलल्यावर त्याने पुन्हा किल्ली मागितली असती. लॅपटॉप बंद करून मागची प्लेट काढली, बॅटरीची वायर सोडवली आणि रिकाम्या स्लॉटमध्ये नवीन रॅम बसवली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्क वाजल्या.

बटण दाबलं. पडदा काळा. थोडा वेळ गेला, तरी काळाच.

"गेला?" प्रमोद कुजबुजला.

"नाही. नवीन रॅमची ओळख करून घेतोय. पहिल्यांदा वेळ लागतो. हात लावू नका."

अशा वेळी घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. इथे दोघं मित्र, किंवा त्या वेळी जे काही होते ते, श्वास रोखून बसले. मग कंपनीचं चिन्ह उमटलं.

शेवटचं काम मुंगीएवढ्या बटणांचं. अल्बमच्या सॉफ्टवेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, पडद्यावर किती मोठं दिसायचं हे त्याने न ठरवता सिस्टिमने ठरवावं, अशी सेटिंग केली. बटणं वाचण्याएवढी झाली. यात एक तोटा आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये सगळंच किंचित धूसर दिसतं. म्हणून प्रमोदला सांगितलं, अल्बम इथे लावा, पण फोटो नीट आहे की नाही ते साध्या व्ह्यूअरमध्ये तपासा.

"दाखवा एखादा," मी म्हणाले.

त्याने देवाजींचा फोटो उघडला. बँडवाल्याला काहीतरी सांगता सांगता हसत सुटलेला माणूस. डोक्यावरचा फेटा तिरपा झालेला. डाव्या भुवईत अक्षतेचा एक पिवळा तांदूळ अडकलेला, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. त्या पडद्यावर तो दाणा स्पष्ट दिसत होता. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, दाढीचे पांढरे खुंट, सगळं दिसत होतं. 

सुधाकर पुढे वाकून बराच वेळ बघत राहिला.

"लाइट मस्त पकडला," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, प्रमोदकडे बघून.

"मंडपाचं कापड पिवळं होतं ना," प्रमोद म्हणाला. "त्याच्यानं आला."

मग सुधाकरने त्याला विचारलं, फ्रेम कुठे करणार. प्रमोदने सांगितलं. तो दुकानदार कापताना कडा खातो, दुसरीकडे जाऊ, असं सुधाकर म्हणाला. दोघं एकाच गाडीवर गेले. दुसरी गाडी संध्याकाळपर्यंत माझ्या दुकानासमोर उभी होती.

तेरवीला फोटो वेळेवर पोचला. पल्लवीने नंतर मला फोन केला. मला तिचं फार काही ऐकू आलं नाही, कारण ती रडत होती, पण "बाबा एकदम तसेच दिसते" एवढं कळलं. काही दिवसांनी प्रमोद चिन्नोर तांदळाची एक थैली ठेवून गेला. ती पल्लवीच्या घरची होती. मी म्हटलं, यात माझं काय, आभार सुधाकरभाऊंचे माना. तो म्हणाला, त्याच्याकडे याच्याहून मोठी थैली गेली.

दोघांचे स्टुडिओ आजही वेगळे आहेत, त्याच रस्त्यावर. एकत्र धंदा करणार नाही, असं दोघंही सांगतात. पण एकाची लेन्स अडली तर दुसऱ्याकडून येते, आणि मोठ्या लग्नाला दोघं दिसतात.

मला त्या दिवसाचं एकच वाटत राहतं. मी काय, माझं रोजचं काम केलं. सुधाकरला मात्र यायची काही गरज नव्हती. फोनवर "मले नाही माहीत" म्हणाला असता तर कुणी त्याला काही म्हटलं नसतं. तो हातातलं काम टाकून गाडी काढून आला. त्या माणसाचे उपकार पल्लवीवर आहेत, प्रमोदवर आहेत आणि थोडे माझ्यावरही आहेत. कारण परवाच्या तेरवीचं सांगणाऱ्या माणसाला "आता काही होत नाही" हे मला म्हणावं लागलं नाही. माझ्या धंद्यात ते वाक्य फार वेळा म्हणावं लागतं.

आता नवीन लॅपटॉप घेऊन कुणी आलं की मी तीन गोष्टी सांगते. अकाउंट स्वतःच्या नावाने काढा. फोटोंची दुसरी प्रत सीझन संपायची वाट न बघता आजच करा. आणि रिकव्हरी की लॅपटॉपमध्येच ठेवू नका, ज्याच्यावर भरवसा आहे अशा माणसाकडे द्या. त्या माणसाशी भांडण झालंच, तर बाजारात करू नका.