काकींनी नापास केलेली कैची

दोन्ही हातांनी दोर धरायचा, पदर खोचायचा आणि पाय जमिनीवरून उचलायचे. क्षणभर काकी हवेत. एक डोळा बारीक करून त्या वर छपराच्या लाकडाकडे बघायच्या आणि उतरून म्हणायच्या, "माका पेललां, तर बाळाक काय?" त्यानंतरच पाळणा टांगायचा.

लालबागच्या आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर ही रीतच होती. छप्पर कौलारू, आणि ते तोलणाऱ्या लाकडी कैच्या खोल्यांच्या डोक्यावरून उघड्याच गेलेल्या. बारसं असलं की पाळण्याचा दोर कैचीच्या आडव्या तुळईला बांधायचा आणि कोपऱ्यातल्या खोलीत काकींना हाक मारायची. काकी देवगडकडच्या. दोघांच्या बाकड्याला त्या एकट्या पुरून उरायच्या. जाडी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण आपल्या वजनाचा शेजारपाजाऱ्यांसाठी इतका उपयोग करणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही. त्याचा त्यांना तोराही होता. एखादी बारीकशी सून दोराकडे सरकली तर म्हणायच्या, "तू बस गो. ह्यां तुझां काम न्हय."

एकच कैची त्यांनी नापास केली होती, आणि ती नेमकी त्यांच्या स्वतःच्या खोलीवरची. त्यांनी पाय उचलताच ती कुरकुरली, म्हणून त्यांच्या धाकट्याचा पाळणा शेजारच्यांकडे टांगावा लागला. पुढे त्या कैचीखाली त्यांनी जुन्या धोतरांचं छत ताणून टाकलं, कौलांची धूळ तरी पडू नये म्हणून. मी चाळीत नवा होतो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. एका दुपारी आमच्या मोर्च्यावर लाठ्या पडल्या आणि मी धावत जिना चढून थेट काकींच्या खोलीत घुसलो. तेव्हा मी गिरणीत बदली कामगार होतो. पकडला गेलो असतो तर कायम होण्याचं नाव नको, आणि लग्नाची बोलणी सगळी त्या कायम होण्यावरच अडलेली. खाली जिन्यावर पोलिसांचे बूट वाजत होते. काकींनी काही न विचारता बोटाने माळा दाखवला. माळा ते तपासणारच, असा शहाणा विचार करून मी माळ्यावरून छताच्या वर शिरलो आणि तुळईवर पालथा पडलो.

हवालदार आला. काकी बाकड्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्याने खाटेखाली पाहिलं, माळा पाहिला. तेवढ्यात वर कर्रकन वाजलं.

"काय वाजलं?"

"माझां बाकडां," म्हणत काकी डुलल्या. बाकडंही इमानाने वाजलं. मग माझी कैची वाजली की काकी डुलायच्या. हवालदाराला हसू आवरेना. "बाई, जरा कमी जेवत जा," तो म्हणाला. एरवी असं बोलणाऱ्याची काकींनी सालटी काढली असती. आज त्या नुसत्या डुलत राहिल्या.

तरी त्याची शंका फिटेना. "छतावर चढून बघतो," म्हणत त्याने माळ्याच्या शिडीला हात घातला.

"चढा की," काकी शांतपणे म्हणाल्या. "पण देवाशप्पत सांगतंय, ही कैची माका पेलूक नाय. सगळ्या चाळीत विचारा."

हवालदाराने काकींकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि शिडी सोडली. हे त्याला कळलं तेव्हा तो निदान जमिनीवर उभा होता. मला कळलं तेव्हा मी त्याच कैचीवर होतो. खरं बोलणाऱ्या माणसाचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

तो गेल्यावर मी खाली उतरलो. "मेल्या, इतक्या कैच्यांतली तीच गावली तुका?" काकी ओरडल्या आणि पदराने माझ्या तोंडावरची धूळ पुसू लागल्या.

राज्य झालं. मी कायम झालो, लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला काकींना हाक मारली. आजारपणाने तोवर त्या अर्ध्या झाल्या होत्या. तरी आल्या, दोर धरला, पाय उचलले. आमच्या खोलीवरची कैची गप्प राहिली आणि बायका म्हणाल्या, "पेललं."

काकी उतरल्या. "माझां आता काय वजन? ह्यां पेललां म्हणान धरू नकात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू लोंबकळ रे."

मी लोंबकळलो. त्या एक डोळा बारीक करून खालून बघत होत्या. "पेललां," त्या म्हणाल्या.

मुलीला पाळणा अपुरा पडायच्या आतच काकी गेल्या. पाळणा उतरवला त्या दिवशी दोर सोडण्याआधी मी तो दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलले. कैची जराही वाजली नाही. पण खाली उभं राहून तसं सांगायला कोणी नव्हतं.